कर्णबधिरांचा टेलिफोन

टेलिफोनचा शोध कोणीं लाविला असें वर्गांत विचारलें म्हणजे निम्म्याहून अधिक हात वर होतात, आणि अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हें नांव तत्काळ ऐकूं येतें. परंतु ह्या बेलचा नित्याचा व्यवसाय कोणता, असें पुढें विचारलें कीं ते हात हळूहळू खालीं येतात. बेल हा बहिऱ्या मुलांचा शिक्षक होता. १८४७ सालीं एडिंबरो येथें त्याचा जन्म झाला. त्याच्या आईस फार कमी ऐकूं येत असे. आणि ज्या मेबल हबर्डशीं त्यानें १८७७ सालीं विवाह केला, तिची श्रवणशक्ति लहानपणींच, पांचव्या वर्षाच्या सुमारास, स्कार्लेट फीव्हर नांवाच्या तापानें पार गेली होती. १८७१ पासून बेल बॉस्टन शहरीं बहिऱ्या मुलांस बोलावयास शिकवीत असे, आणि ध्वनीचें स्वरूप जाणण्याचा त्याचा ध्यास ह्या कामानें अधिकच वाढला. ७ मार्च १८७६ रोजीं त्यास टेलिफोनचें पेटंट मिळालें, व तीनच दिवसांनीं तारेवरून गेलेले त्याचे शब्द त्याचा साहाय्यक वॉटसन ह्यास दुसऱ्या खोलींत स्पष्ट ऐकूं आले.

तेव्हां टेलिफोन हें यंत्र बहिऱ्यांच्या घरांतून जगांत आलें असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. परंतु त्याच घरांतील दोघी स्त्रियांस त्याचा उपयोग नव्हता. इतकेंच नव्हे, तर पुढें जसजसा टेलिफोनचा प्रसार झाला तसतशी बहिऱ्यांची अडचण कमी न होतां वाढत गेली, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत घ्यावी. टेलिफोन नव्हता तेव्हां सर्वच लोक पत्र लिहीत किंवा प्रत्यक्ष जाऊन भेटत. त्या कामीं बहिरा व ऐकणारा ह्यांत मोठेंसें अंतर नव्हतें. टेलिफोन आल्यावर डॉक्टराची वेळ ठरविणें, नोकरीची चौकशी करणें, दुकानांतून माल मागविणें, हीं सर्व कामें त्यावरच होऊं लागलीं, आणि ज्यास ऐकूं येत नाहीं तो ह्या व्यवहारांतून बाहेर पडला. १८७६ पासून १९६४ पर्यंत, म्हणजे ८८ वर्षें, अमेरिकेंतही ही स्थिति टिकली.

ह्या काळांत तेथील बहिरीं माणसें काय करीत? मित्राकडे जावयाचें तर आगाऊ कळविण्याची सोय नसल्यामुळें तशींच निघत, आणि तो घरीं नसला तर दारांत चिठ्ठी अडकवून परत येत. तांतडीचें काम निघालें म्हणजे शेजाऱ्याचें दार ठोठवावें, आणि माझ्यासाठीं एवढा टेलिफोन करा अशी कागदावर लिहून विनंति करावी. शेजारी कितीही भला असला तरी आपलें दुखणें, आपलें कर्ज, आपल्या नोकरीची खटपट त्याच्या कानांवर गेल्यावांचून एकही गोष्ट व्हावयाची नाहीं.

त्याहून अवघड प्रकार घरांतील मुलांचा. बहिऱ्या आईबापांचीं बहुतेक मुलें ऐकणारीं असतात. अशा घरांत सातआठ वर्षांचें मूल टेलिफोनजवळ उभें राहून बापाच्या वतीनें बँकेशीं, घरमालकाशीं, डॉक्टराशीं बोलत असे. डॉक्टरानें सांगितलेलें आईचें दुखणें प्रथम त्या मुलास कळावयाचें, आणि मग त्यानेंच तें खुणांनीं आईस सांगावयाचें. मुलानें भीतीनें एखादा शब्द गाळला तर? घरमालक रागानें बोलला, आणि बापास वाईट वाटूं नये म्हणून मुलानें तें मवाळ करून सांगितलें तर? बापास खरें काय तें कधींच कळावयाचें नाहीं. आपलें बोलणें आपल्या हातीं नसावें, दुसऱ्याच्या सवडीवर व समजुतीवर तें अवलंबून असावें, हें दुःख केवळ ऐकूं न येण्याच्या दुःखाहून निराळें आहे. आणि पुढें जी व्यवस्था झाली तिचें मर्म समजण्यास हा भेद मनांत ठेवावा लागतो.

पहिली वाट काढली ती तिघां कर्णबधिर माणसांनींच. रॉबर्ट वाइटब्रेक्ट हा पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ, जेम्स मार्स्टर्स हा कॅलिफोर्नियांतील पॅसाडीना येथील दंतवैद्य, आणि अँड्र्यू सॅक्स हा इंजिनियर. वाइटब्रेक्ट ह्यास हौशी रेडिओचा नाद असून तो टेलिप्रिंटरच्या योगानें रेडिओवरून लेखी संभाषण करीत असे. (पूर्वीं वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत खडखडत बातम्या छापणारें जें यंत्र असे तोच टेलिप्रिंटर; आमच्या वाचक पालकांपैकीं कांहींनीं तो पाहिलाही असेल.) हेंच टेलिफोनच्या तारेवरून कां करतां येऊं नये, असा प्रश्न मार्स्टर्सनें त्यास केला. अडचण अशी होती कीं, टेलिफोन कंपनी आपल्या तारांस परकें यंत्र जोडूं देत नसे. वाइटब्रेक्टनें युक्ति काढली. तार तोडावयाची नाहीं, तिला कांहीं जोडावयाचेंही नाहीं. टेलिफोनचा रिसीव्हर तेवढा दोन वाट्यांसारख्या खोबणींत पालथा ठेवावयाचा, आणि यंत्रानें त्यांत दोन निरनिराळ्या सुरांच्या शिट्या सोडावयाच्या. प्रत्येक अक्षरासाठीं ह्या दोन सुरांच्या पांच ठोक्यांचा एक क्रम ठरलेला. पलीकडील यंत्र तो क्रम ओळखून तें अक्षर कागदावर उमटवी. मे १९६४ मध्यें कॅलिफोर्नियांतील दोन शहरांमधल्या साध्या टेलिफोन-तारेवरून दोन बहिऱ्या मित्रांचें संभाषण ह्या रीतीनें झालें. १९६८ नंतर टेलिफोन कंपनीचीं टाकाऊ टेलिप्रिंटर यंत्रें कर्णबधिरांस मिळूं लागलीं, व घरोघरीं तीं अवजड धुडें दाखल झालीं.

परंतु एवढ्यानें अर्धेंच काम झालें. ज्याच्या घरीं असें यंत्र आहे त्याशींच बोलतां येणार. आणि डॉक्टराकडे, दुकानांत, मुलाच्या शाळेंत तें यंत्र कोठून असावें? तेव्हां ज्याच्यापाशीं यंत्रही आहे आणि कानही आहे असा कोणी मनुष्य दोघांच्या मध्यें बसला पाहिजे, हें उघड झालें. सेंट लुई शहरांत पॉल टेलर ह्या कर्णबधिर इंजिनियरानें अशी सोय प्रथम सुरू केली, आणि हळूहळू इतरत्रही स्वयंसेवक हें काम करूं लागले. हीच टेलिफोन रिले सर्व्हिस. पण स्वयंसेवकाची सोय ही स्वयंसेवकाच्या सवडीप्रमाणेंच चालावयाची. रात्रीं कोणास कळ आली तर मध्यस्थ जागा असेलच असें नाहीं.

कॅलिफोर्निया संस्थानानें १ जानेवारी १९८७ पासून सबंध संस्थानापुरती, दिवसरात्र चालणारी रिले सर्व्हिस सुरू केली, तेव्हां अंदाजापेक्षां कितीतरी अधिक लोकांनीं टेलिफोन केले. इतक्या वर्षांचें तुंबलेलें बोलणें होतें तें! पुढें २६ जुलै १९९० रोजीं अमेरिकेंत अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. तो मांडणारे सेनेटर टॉम हार्किन ह्यांचे थोरले बंधु कर्णबधिर होते, आणि कायदा संमत होते वेळीं हार्किन ह्यांनीं आपल्या भाषणाचा कांहीं भाग सभागृहांत खुणांच्या भाषेंत केला. ह्या कायद्यानें तीन वर्षांच्या आंत सर्व देशभर रिले सर्व्हिस चालविण्याचें बंधन टेलिफोन कंपन्यांवर घातलें. तिचा खर्च टेलिफोन वापरणाऱ्या सर्वांवर थोडाथोडा वांटला गेला. कर्णबधिरावर त्यासाठीं वेगळा आकार बसवावयाचा नाहीं असें ठरलें. दान म्हणून दिलेली वस्तु देणारा केव्हांही आखडती घेऊं शकतो; ही सोय दान राहिली नाहीं, हा त्या कायद्याचा मोठा गुण मला वाटतो. २००१ च्या ऑक्टोबरपासून तर ७११ हे तीनच आंकडे फिरविले कीं देशांत कोठूनही मध्यस्थ मिळूं लागला.

आतां प्रत्यक्ष संभाषण कसें चालतें तें पाहूं. समजा, एका कर्णबधिर आईस मुलीच्या शाळेंत टेलिफोन करावयाचा आहे. मुलीस ताप आहे, परीक्षा उद्यांवर आलेली आहे. ती ७११ लावते. मध्यस्थ आपला क्रमांक टंकून कळवितो (नांव नव्हे, क्रमांक) आणि शेवटीं 'जी. ए.' हीं दोन अक्षरें लिहितो. इंग्रजींतील 'गो अहेड' ह्याचीं तीं आद्याक्षरें. माझें झालें, आतां तुम्ही बोला, हा त्यांचा अर्थ. ती शाळेचा नंबर देते. मध्यस्थ तो लावतो, व शाळेंतून उत्तर आलें म्हणजे हा टेलिफोन रिले सर्व्हिसमार्फत आहे असें सांगून संभाषणाची रीत समजावून देतो. मग ती टंकील तें तो मोठ्यानें वाचतो, आणि हेडमास्तर बोलतील तें तो टंकून पाठवितो. एका वेळीं एकानेंच बोलावयाचें. आपली पाळी संपली कीं 'जी. ए.' म्हणावयाचें. निरोप घेतांना 'एस. के.' अशीं अक्षरें येतात, त्यांचा अर्थ आतां टंकणें बंद.

हेडमास्तर बोलत असतां मागें घंटा झाली, कोणी हंसलें, बोलणाराचा आवाज चढला, तर हेंही मध्यस्थ कंसांत लिहून कळवितो. ऐकणाऱ्या माणसास जें जें कानांनीं कळलें असतें तें तें बहिऱ्यासही कळावें, हें तत्त्व. मध्यस्थाचा टंकण्याचा वेग मिनिटास निदान ६० शब्द असावा, असा तेथील नियम आहे. तरी साधें बोलणें ह्याच्या दुपटीहून अधिक वेगानें चालतें, म्हणून रिलेवरील संभाषण संथ असतें, आणि त्यास धीर लागतो.

ह्या मध्यस्थास आपल्या भाषेंत काय म्हणावें? निरोप्या हा शब्द सहज तोंडीं येतो. पण मला तो येथें चालणार नाहीं असें वाटतें. आपला निरोप्या गोष्टीचें सार सांगतो. बाईंनीं पाऊण तास समजावून सांगितलेलें 'बाई उद्यां येणार नाहींत म्हणाल्या' एवढ्यांत आटोपतो, आणि वर 'रागावलेल्या दिसल्या' अशी स्वतःची भरही घालतो. रिलेच्या मध्यस्थास ही मोकळीक बिलकूल नाहीं. बोलणारानें स्वतःच सारांश मागितला नसेल तर शब्दास शब्द पोंचविणें हें त्याचें कर्तव्य आहे. शुद्धलेखन घालतांना 'गेलों' ह्याबद्दल 'जाऊन आलों' असें लिहिणारे कांहीं विद्यार्थी प्रत्येक वर्गांत असतात. अर्थ तोच आहे ना गुरुजी, असें वर म्हणतात. त्यांनीं ह्या कामाच्या वाटेस जाऊं नये.

तसेंच तो प्रथम पुरुषांत बोलतो. आईनें 'माझ्या मुलीस ताप आहे' असें टंकलें तर तो 'माझ्या मुलीस ताप आहे' असेंच म्हणतो. 'ह्या बाई म्हणतात कीं त्यांच्या मुलीस' असें नव्हे. व्याकरणाच्या तासास प्रथम पुरुष व तृतीय पुरुष शिकतांना त्यांतील फरकास एवढें वजन असेल असें कोणास वाटत नाहीं. तृतीय पुरुष वापरला कीं बोलणारा मनुष्य एकदम बाजूस सरतो आणि त्याच्याविषयीं इतर दोघे बोलत आहेत असें होतें. इंग्रजींत एक सोय अशी कीं, बोलणारा पुरुष कीं स्त्री हें क्रियापदावरून कळत नाहीं. मराठींत मात्र पुरुष मध्यस्थास बाईंचें बोलणें वाचतांना 'मी येतें', 'मी आजारी होतें' असें निःसंकोच म्हणावें लागेल! अमेरिकेंतील नियमांतही मध्यस्थ स्त्री असावी कीं पुरुष हें सांगण्याची मुभा टेलिफोन करणाऱ्यास आहे, व ती इच्छा शक्य तितकी पुरवावी असें आहे.

निर्गमाच्या पुस्तकांत मोशे आपण बोलण्यांत जड आहों असें कारण सांगून मागें सरतो, तेव्हां त्याचा भाऊ अहरोन त्याचें तोंड होईल असें त्यास सांगण्यांत येतें. ही व्यवस्था मिसर देशांत फारोपुढें ठीक चालली. पुढें मोशे डोंगरावर असतां अहरोनानें लोकांच्या आग्रहास्तव स्वतःच्या बुद्धीनें कारभार केला, त्याचें फळ काय झालें तें रविवारच्या शाळेंतील मुलांस ठाऊक आहे. मध्यस्थानें पहिल्या अहरोनासारखें असावें, दुसऱ्यासारखें नव्हे.

सर्वांत कडक नियम गुप्ततेचा आहे. मध्यस्थाच्या कानांवर व डोळ्यांवरून रोज काय काय जात असेल ह्याची कल्पना करा: लग्नें ठरतात, मोडतात, डॉक्टर वाईट बातमी सांगतात, मुलगा आईजवळ पैसे मागतो. ह्यांतील एक शब्दही त्यानें बाहेर बोलावयाचा नाहीं, व संभाषण संपल्यावर त्याचा मजकूर ठेवावयाचाही नाहीं. त्यानें सल्ला द्यावयाचा नाहीं, सांत्वन करावयाचें नाहीं, आणि हा टेलिफोन मला नको असें म्हणून तो नाकारतांही यावयाचा नाहीं. शेजाऱ्याच्या व मुलाच्या तोंडून जें होऊं शकत नव्हतें तें अनोळखी माणसाकडून होऊं लागलें, ह्याचें कारण हेंच. तो अनोळखी आहे, व अनोळखीच राहण्यास बांधलेला आहे.

ह्या नियमाची कसोटीही लागली. २००० नंतरच्या वर्षांत इंटरनेटवरून टंकून रिले करण्याची सोय झाली, तेव्हां तिचा उपयोग भामट्यांनीं केला. परदेशांत बसून, आपण बहिरे आहों असें भासवून, चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर ते दुकानदारांकडून माल मागवीत. मध्यस्थास पुष्कळदां संशय येई, परंतु नियमाप्रमाणें त्यानें शब्दास शब्द वाचावयाचें. फसलेले दुकानदार रिलेचा टेलिफोन आला कीं खालीं ठेवूं लागले, आणि त्याचा भुर्दंड खऱ्या कर्णबधिरांस बसला. मध्यस्थास बोलण्याची परवानगी द्यावी असें येथें कोणासही वाटेल. मला तसें वाटत नाहीं. आज भामट्याविरुद्ध जो बोलेल तो उद्यां आपल्या मतें मूर्खपणाचा व्यवहार करणाऱ्या प्रामाणिक माणसासही अडवील. तेथील सरकारनें मध्यस्थाचें तोंड न उघडतां दार बंद केलें: २००८ सालीं असा नियम केला कीं, इंटरनेटवरून रिले वापरणाऱ्यानें आपलें नांव नोंदवून स्वतःचा टेलिफोन नंबर घेतला पाहिजे. उपाय योग्य जागीं झाला. दुसरी लबाडी तर सेवा चालविणाऱ्यांच्याच बाजूची. मिनिटांवर पैसे मिळतात म्हणून खोटेच टेलिफोन करून मिनिटें वाढविल्याच्या आरोपावरून २००९ च्या नोव्हेंबरांत २६ जणांवर खटले भरण्यांत आले. असो.

सर्व बहिरे व सर्व अडखळत बोलणारे एकाच प्रकारचे नसतात, म्हणून रिलेचेही प्रकार झाले. उतारवयांत ज्याचे कान गेले त्यास बोलतां उत्तम येतें. तो स्वतः बोलतो, व उत्तर तेवढें वाचतो. ज्यास ऐकूं येतें पण वाचा नाहीं तो टंकतो, व उत्तर कानांनीं ऐकतो. ज्यांचें बोलणें सेरेब्रल पाल्सीनें, पार्किन्सनच्या विकारानें किंवा कंठावरील शस्त्रक्रियेनें अस्पष्ट झालें आहे त्यांच्यासाठीं १ मार्च २००१ पासून सबंध अमेरिकेंत निराळी सोय आहे. ह्यांत टंकणें नाहीं. असें बोलणें ओळखण्याचें शिक्षण घेतलेला मध्यस्थ तें ऐकतो, आणि तेच शब्द स्पष्ट आवाजांत पुन्हां उच्चारतो. ही सोय व्हावी म्हणून बॉब सेगलमन ह्या स्वतः सेरेब्रल पाल्सी असलेल्या गृहस्थांनीं फार खटपट केली. अस्पष्ट बोलणारा मनुष्य मंदबुद्धीचा असतो, अशी आपल्या समाजांत घट्ट बसलेली एक समजूत आहे. टेलिफोनवर तर चेहराही दिसत नाहीं. पहिला शब्द कानीं पडतांच पलीकडचा मनुष्य दारू प्यायलेला समजून टेलिफोन ठेवून देतो.

जे जन्मापासून बहिरे आहेत त्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांची पहिली भाषा खुणांची. ही भाषा म्हणजे इंग्रजी किंवा मराठी शब्दांचे हातवारे नव्हेत. तिला स्वतःचें व्याकरण आहे, आणि अमेरिकेची खुणांची भाषा इंग्लंडच्या भाषेहून अगदीं भिन्न आहे. १८८० सालीं इटलींतील मिलान येथें भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेनें बहिऱ्यांच्या शाळांतून खुणा काढून टाकून केवळ मुखानें शिकवावें असें ठरविलें. त्यामुळें कित्येक पिढ्यांच्या मुलांचे हात वर्गांत बांधल्यासारखे झाले. बेलही खुणांच्या विरुद्धच होता, हें त्याच्या थोरवीस बाध न आणतां सांगितलें पाहिजे. अशा माणसास टंकून बोलावयाचें म्हणजे परक्या भाषेंत बोलावयाचें. त्यासाठीं दृश्य रिले निघाली, व २००० सालीं अमेरिकन सरकारनें तिचा खर्च देण्याचें मान्य केलें. कर्णबधिर मनुष्य कॅमेऱ्यापुढें खुणांनीं बोलतो, दुभाषी त्या पाहून तत्काळ तोंडानें बोलतो, आणि उत्तर खुणांनीं परत देतो. 'जी. ए.' ची गरज नाहीं. मध्येंच हंसतां येतें, भांडतांही येतें.

इंग्लंडांत १९९१ सालीं लिव्हरपूल येथून राष्ट्रीय रिले सुरू झाली. जपाननें २०२० सालीं कायदा करून जुलै २०२१ पासून ती सार्वजनिक सेवा केली. अलीकडे मध्यस्थावांचून यंत्रच बोलणें ऐकून अक्षरें उमटवूं लागलें आहे, व अमेरिकेंत २०१८ पासून त्यास मान्यताही आहे. यंत्र थकत नाहीं, हा त्याचा गुण. पण नांवें, आंकडे व औषधांच्या मात्रा ह्यांत तें चुकतें, आणि चुकलें आहे हें त्याचें त्यास कळत नाहीं. मनुष्य निदान 'पुन्हां सांगा' असें म्हणतो.

आमच्या विद्यार्थ्यांचे पुष्कळ नातलग परदेशीं आहेत, व त्यांपैकीं कोणी शिक्षणासाठीं तिकडे जातीलही. कधीं असा टेलिफोन आलाच तर जाहिरातवाला समजून तो ठेवूं नये. मध्यस्थास 'त्यांना सांगा कीं' असें म्हणूं नये. ज्यानें टेलिफोन केला त्याशींच, 'तुम्ही केव्हां येतां?' असें सरळ बोलावें. वाक्यें नेहमींच्या गतीनें, पण एकेक पुरें करून बोलावीं. मध्यें शांतता पडली तर तार तुटली असें समजूं नये. कोणी टंकीत असतें. आणि मध्यस्थास उद्देशून कांहीं खाजगी बोलूं नये, कारण तोही मजकूर तो पलीकडे पोंचविणारच.

आपल्या देशांतील पहिली मूकबधिरांची शाळा मुंबईस १८८५ च्या सुमारास कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन ह्यांच्या प्रयत्नानें निघाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रासकडे पाळयंकोट्टै येथें मिस फ्लॉरेन्स स्वेन्सन ह्यांनीं तसेंच काम आरंभिलें. २०११ च्या खानेसुमारींत ऐकण्याचा दोष असलेलीं माणसें ५० लाखांहून अधिक, व बोलण्याचा दोष असलेलीं सुमारें २० लाख नोंदलेलीं आहेत. २०१५ सालीं दिल्लीस भारतीय खुणांच्या भाषेची संस्था स्थापन झाली. २०१६ सालीं अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. मोबाइलामुळें दोन कर्णबधिर आतां एकमेकांशीं लेखी किंवा कॅमेऱ्यापुढें खुणांनीं सहज बोलतात. रेल्वेच्या फलाटावर हातांत मोबाइल धरून दुसऱ्या हातानें बोलणारीं तरुण मुलें आपण पाहिलीं असतील. पण ज्यास खुणा येत नाहींत अशा डॉक्टराशीं, बँकेंतील कारकुनाशीं, शाळेशीं बोलावयाचें म्हणजे पुष्कळ घरांत अजून मुलासच पुढें केलें जातें.

त्यांतलें शाळेचें काम आपल्या हातचें आहे. पालक-सभेच्या दिवशीं एखाद्या मुलाचे आईवडील कर्णबधिर असले तर त्या मुलाच्या प्रगतीविषयींचें बोलणें त्याच्याच तोंडून करवूं नये. गणितांत नापास झाल्याची बातमी स्वतःच्या बापास खुणांनीं सांगावयास लावणें हें मुलास जड, आणि ती बरोबर सांगितली कीं नाहीं हें शिक्षकास कळावयाचें नाहीं, बापासही नाहीं. खुणा जाणणारा दुसरा मोठा मनुष्य मिळत असल्यास आगाऊ बोलवावा. तो न मिळाला आणि पालकांस लिहितां-वाचतां येत असलें, तर टेबलावर कागद व पेन्सिल ठेवून शिक्षकानें समोर बसावें, एक वाक्य आपण लिहावें, कागद पलीकडे सरकवावा, आणि त्यांचें लिहून होईतों थांबावें. मुलास तोंवर मैदानावर खेळावयास पाठवावें.